मार्गशीर्षातल्या गुरुवारचे पाच डबे

माझ्या काकाचे दोन्ही डोळे गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी जळाले. वेळ नक्की सांगते, कारण कोन गावात राहणाऱ्या त्याच्या कामावरच्या सोबत्याने दोन मिनिटांनी काकीला फोन लावला आणि तो कॉल काकीच्या मोबाइलमध्ये अजून दिसतो. एक बावीस. ती तो कुणाला पुसू देत नाही.

अन्याय दोनदा झाला. पहिल्यांदा पनवेलजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या तीन नंबरच्या शेडमध्ये. दुसऱ्यांदा तीन आठवड्यांनी, कागदावर. डोळे परत येणार नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कागदावरचं वाक्य मात्र खोडता येतं, आणि ते खोडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आधी त्या द्रव्याबद्दल सांगते, कारण माझी स्वतःची चूक तिथूनच सुरू होते.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होते, विषय कार्बनी रसायन. सरांनी एका तासाला फळ्यावर त्रिकोण काढला. तीन कार्बन, एकमेकांना धरून बसलेले. सर म्हणाले, कार्बनला चार हात असतात आणि ते एकमेकांपासून शक्य तितके लांब पसरतात, साधारण एकशे नऊ अंशांचा कोन ठेवून. तिघांचं कडं केलं की तो कोन दाबून साठवर आणावा लागतो. हात वाकतात, बंध ताणले जातात, आणि त्या ताणाची शक्ती कड्यात साठून राहते. चौघांच्या कड्यातही ताण असतो, थोडा कमी. पाच-सहा जण झाले की सगळे ऐसपैस बसतात. मला तो त्रिकोण फार आवडला. वहीच्या मागच्या पानावर मी तो दहा वेळा काढला. का आवडला ते आता सांगायला लाज वाटते. माझं वय तेव्हा असं होतं की जगात जिथे जिथे कुणी दाबलं जातंय तिथे तिथे आपलंच काहीतरी आहे असं वाटायचं.

संध्याकाळी घरी आले तर काका अंगणात बसून खेकडे धरायच्या पिंजऱ्यासाठी बांबूच्या कामट्या सोलत होता. आमची खाजणातली शेती केव्हाच गेली, पण खाडीवर जाणं त्याने सोडलं नव्हतं. पहिल्या पाळीवरून आला की चहा आणि कामट्या.

"काय शिकवलं आज?" त्याने विचारलं. तो रोज विचारायचा. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

मी त्याच्या हातातली कामटी घेतली, वाकवली आणि सांगितलं. मोठं कडं सहज होतं. लहान करत गेलं की कामटी वळायला ऐकत नाही.

"बस कर, फुटंल ती," तो म्हणाला.

"फुटत नाही ना पण. तीच तर गंमत आहे. ताणात बसून राहते."

"कवापर्यंत?"

"कुणी सोडवेपर्यंत."

"मंग आमच्या ठेकेदाराकडं कामाला असनाऱ्या पोरांसारखीच हाय की." तो हसला आणि कामटी माझ्याकडून परत घेतली. "आमच्या शेडात पन एक हाय असंच कायतरी. ड्रमवर तिकोन काढलेला हाय. आमी त्याला सीपी म्हनतो."

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रमवरच्या लेबलाचा फोटो काढून आणला. सायक्लोप्रोपिलअमाईन. माझ्या वहीतलाच त्रिकोण, एका कोपऱ्याला नायट्रोजन टांगलेला. जुलाबावर, लघवीच्या जळजळीवर डॉक्टर देतात त्या एका ओळखीच्या गोळीत हा त्रिकोण जसाच्या तसा बसतो. काकीने ती गोळी खाल्लीय. तुम्हीही खाल्ली असेल. मला एवढा आनंद झाला की पुस्तकातली गोष्ट माझ्या काकाच्या हाताखालून जाते! लेबलावर त्रिकोणाखाली धोक्याच्या लाल चौकटी होत्या, त्यातल्या एकीखाली डोळ्यांच्या इजेचा इशारा. ती चौकट मी वाचली आणि पुढे सरकले.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी काका ट्यूबलाइटकडे बघत बसला होता.

"बाय, दिव्याभोवती निलं धुकं दिसतंय."

"काका, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दाखव ना डोळे."

"सुट्टीच्या दिवशी नाय दिसत. कामावरून आलो की दिसतं."

हे शब्द मला तेव्हाच ऐकू यायला हवे होते. अमाईनच्या, म्हणजे असा नायट्रोजन टांगलेल्या द्रव्याच्या, वाफेने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येते आणि दिव्याभोवती निळसर धुकं दिसतं, काही तासांनी ते जातं. हे लिहिलेलं आहे. माझ्याच कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्याच विभागाच्या कपाटात. मला ते तेव्हा सापडलं जेव्हा काकाला दिवाही दिसेनासा झाला होता.

आता त्या शेडची रीत सांगते.

भिंतीवर गॅस ओळखणारं यंत्र होतं. ते दुरुस्तीला गेलं आणि तिथे दोन स्क्रू राहिले. काका म्हणायचा, त्या स्क्रूंना आमी नमस्कार करतो. मग गळती कळायची कशी? नाकाने. आणि इथेच गोम होती. अमाईनचा वास सुक्या मासळीसारखा येतो. म्हावरं जुनं झालं की त्याला जो वास सुटतो तोही अमाईनचाच, रसायन एकाच घराण्यातलं. शेडमध्ये कामाला सगळे आमच्याकडचे, पनवेल-उरणच्या गावांतले, आगरी नाहीतर कोळी. डब्यात वाकट्या, सुकट, बोंबील. वास आला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुनाचा डबा?"

कुणी हात वर केला तर हशा व्हायचा आणि काम चालू राहायचं. कुणीच हात वर केला नाही तर एकाने उठायचं, पाइपाच्या जोडांवरून फिरायचं आणि गळती शोधायची. दोन स्क्रूंच्या जागी ही व्यवस्था होती. भोंगा म्हणा, यंत्र म्हणा, सगळं त्या दोन शब्दांत.

खांदा कॉलनीतून येणारे त्यांचे एक सुपरवायझर होते. मासे खात नसत, त्याचा राग नाही, पण जिभेला हाड नव्हतं. "तुम्ही लोक अख्खा मासळीबाजार घेऊन येता. तुमच्या डब्यापेक्षा माझा ड्रम बरा." त्यांनीच भिंतीवर नोटीस लावली: कामाच्या जागी डब्यात सुकी मासळी आणू नये. यंत्र परत आणण्यापेक्षा कागद चिकटवणं सोपं. ती नोटीस कुणीच पाळली नाही. जेवणाची वेगळी खोली नव्हती. शेडच्याच टोकाला बाक होता, त्यावर पाच जण जेवायचे.

त्या गुरुवारी ते पाच जण बाकावर बसले होते. काका, कोनचा सोबती आणि आणखी तिघं. काकाने तांदळाची भाकरी मोडली. वास आला.

"कुनाचा डबा?" एकाने सवयीने विचारलं.

कोनचा सोबती म्हणाला, "तुज्या सासूचा," आणि सगळे हसले. हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

काका हसला नाही. त्याने भाकरी खाली ठेवली. "अरं, आज गुरवार हाय ना," तो म्हणाला, "आज कुनाच्या डब्यात म्हावरं असंल?"

एवढंच. आणि तो उठला.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या प्रत्येक गुरुवारी आमच्या घरोघरी बायका लक्ष्मीचा घट मांडतात. त्या दिवशी चुलीवर मासळी चढत नाही. ज्याला रोज म्हावऱ्याशिवाय घास उतरत नाही तो माणूसही त्या दिवशी मुकाट्याने वालाचं बिरडं खातो, कारण घट त्याच्याच बायकोने, त्याच्याच नावाने मांडलेला असतो. शेडमधल्या पाच नाकांना रोज फसवणारा वास त्या एका दिवशी फसवू शकत नव्हता. पाचांपैकी एकाच्या हे वेळेवर लक्षात आलं.

पाइपांच्या दुसऱ्या ओळीवरच्या एका जोडातून सीपी झिरपत होतं. ते पन्नास अंशांना उकळतं, दुपारच्या उन्हात पत्र्याखाली त्याची वाफ व्हायला काय वेळ लागतो? काका जेवणातून उठून गेला होता, गॉगल बाकावर होता. हे खरं आहे, मी लपवणार नाही. तो जोड बघायला वाकला, जोडातलं वायसर सुटलं आणि सीपी थेट त्याच्या डोळ्यांत उडालं.

डोळे धुवायचा नळ होता. त्याच्यासमोर पोती रचली होती. चौघांनी पोती ओढली, नळ फिरवला, पाणी नव्हतं. मग त्यांनी प्यायच्या बाटल्या त्याच्या डोळ्यांवर ओतल्या. पाच बाटल्या. असं द्रव्य डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळे धरायचे असतात. पाच बाटल्या किती वेळ पुरतात ते घरी ओतून बघा.

डोळ्यांवरचा काचेसारखा पडदा दुधासारखा झाला. आता त्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं.

तीन आठवड्यांनी कारखान्याने चौकशी अहवाल दिला. इंग्रजीत, चार पानी. हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून मी तो वाचला आणि काकीला सांगितलं, "काकाचा निष्काळजीपणा म्हणतायत. गॉगल नव्हता म्हणून." त्यात मधेच एक वाक्य होतं: कामगारांनी मनाई असूनही डब्यात आणलेल्या सुक्या मासळीच्या वासामुळे गळती वेळीच लक्षात आली नाही. मला ते वाक्य हलकट वाटलं, पण फालतूही वाटलं. मी ते काकीला सांगितलंच नाही. डोक्यात माझा त्रिकोण होता.

मी पत्रक काढलं. कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेत मी पत्रकं लिहायलाच शिकले, तेवढं एक मला येतं. वर मोठ्या अक्षरांत: ताणलेलं कडं फुटलं, कामगाराचे डोळे फुटले! खाली त्रिकोण, कोन, साठ अंश, साठलेली शक्ती. पनवेल स्टँडवर वाटलं, खारघरच्या कॉलेजांबाहेर वाटलं. मुलांनी फोटो काढून स्टेटसला ठेवले. मला वाटलं, आता यांची झोप उडणार.

कामगार कार्यालयातल्या पहिल्या सुनावणीला कारखान्याकडून एक केमिस्ट आला होता. माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याने माझं पत्रक टेबलावर सरळ केलं.

"ताई, तुम्ही एम.एस्सी. ना?"

"हो."

"कुठलं कडं फुटलं? या द्रव्यातलं कडं साध्या तापमानाला फुटत नाही. डोळ्याला इजा झाली ती अमाईनमुळे, ते क्षारधर्मी असतं म्हणून. कडं फुटलं असतं तर उरलेला माल खराब झाला असता. त्याच टाकीतला माल आम्ही तपासून त्याच आठवड्यात पाठवला. रिपोर्ट दाखवू?"

त्याचं बरोबर होतं. रसायन त्याचं बरोबर होतं, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. त्रिकोण शाबूत होता. काकाला जाळलं ते त्याच्या कोपऱ्याला टांगलेल्या नायट्रोजनने, एका झिजलेल्या वायसरने आणि पाणी नसलेल्या नळाने. पत्रकात मी वायसरला अर्धी ओळ दिली होती, नळाला एक, आणि त्रिकोणाला पाऊण पान. माझ्या आवडत्या उपमेसाठी मी काकाची बाजू वाया घालवली. अधिकारी म्हणाले, "अभ्यास करून या." कोनचा सोबती मागे उभा होता. तो निघून गेला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. काका खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "तवाच म्हनलं होतं, लहान कडं करू नको." मला हसायला येईना.

काकी गहू निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "तो कागद मला वाचून दाखव. सगळा. मराठीत. एक अक्षर सोडू नको."

मी वाचला. मधल्या एका ओळीला अडखळले, पुढे जायला लागले.

"काय सोडलंस?"

मी ते मासळीचं वाक्य वाचलं.

काकीने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "कवाचं म्हनतान ते?"

"त्याच दिवसाचं, काकी."

"त्या दिवशी गुरवार होता." तिचा आवाज चढला. "मी घट मांडला होता! ह्यांच्या नावानं मांडला होता. सकाळी अंघोळ करून बिरडं केलं, भाकरी केली, डबा भरला. आनि ते लिव्हतान माज्या डब्यान सुकट होती? गुरवारी? माज्या घरान?"

अहवालावर इंग्रजी तारीख होती. त्या तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार होता हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. घट मांडायला पाच झाडांच्या डहाळ्या मीच तोडून आणल्या होत्या.

आता हे समजून घ्या, कारण सगळं यावर उभं आहे. अहवाल म्हणतो, कामगारांच्या मासळीमुळे गळती कळली नाही. खरं असं की त्या दिवशी शेडमध्ये मासळी नव्हती, आणि नव्हती म्हणूनच गळती कळली. ज्याला कळली तो आंधळा झाला. त्याच्या शहाणपणाला त्यांनी त्याचा गुन्हा म्हणून लिहून ठेवलंय. ते वाक्य राहिलं तर बंद नळ, उचललेलं यंत्र, झिजलेलं वायसर सगळं त्याच्या डब्याखाली गाडलं जाईल.

मी त्या चौघांकडे गेले. कोनचा सोबती दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"दादा, फक्त एवढं लिहून द्या की तुमच्या डब्यात त्या दिवशी काय होतं."

"बाय, मी ठेकेदाराचा मानूस. उद्या गेटवर माजा पास चालनार नाय."

"बिरडं होतं ना?"

"होतं ते होतं." त्याने दाराची कडी हातात धरली. "तुज्या काकाला सांग, मी इचारलंय म्हनून." त्याच्या मागे, आत, त्याची बायको उभी होती. ती सगळं ऐकत होती.

बाकी तिघांकडे तेच. एकाने फोन उचलला नाही. एक गावाला गेला असं त्याच्या पोराने सांगितलं, आणि मागे त्याचा खोकला ऐकू आला.

मला त्यांचा राग येतो. येतो म्हणजे येतोच. तुम्ही त्याच्या डोळ्यांवर आपलं प्यायचं पाणी ओतलंत, आणि एक ओळ लिहून देत नाही? पण काका रागवत नाही. परवा त्याला विचारलं, तुला नक्की काय हवंय?

तो म्हणाला, "पैशाचं तू बघ. मला ते म्हावऱ्याचं तेवढं खोडून दे. ती दर गुरवारी देव्हाऱ्यासमोर बसते आनि रडते. तिला वाटतं देवीला पन तेच सांगितलंय त्यांनी."

पुढची सुनावणी दिवाळीनंतर आहे. आशा फार नाही. केमिस्ट पुन्हा येईल, त्याच्या कागदावर शिक्के असतील. माझ्याकडे एकच डबा आहे, काकीचा, आणि आंधळ्याच्या बायकोचं कोण ऐकतं? काकी मात्र काल भाकरी थापता थापता म्हणाली, "पुरुषांना काय इचारतेस? डबा त्यांनी भरला का? डबा आमी भरला."

म्हणून हे मी त्या चार घरांतल्या बायकांसाठी लिहितेय, आणि त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकासाठी. तुमचा पास कुठल्या गेटवर लागत नाही. तुम्हाला कुठला ठेकेदार काढू शकत नाही. त्या गुरुवारी पहाटे उठून अंघोळ तुम्ही केलीत, घट तुम्ही मांडलात, डब्यात काय घातलं ते तुमच्या हातांना माहीत आहे. नवऱ्याला विचारू नका. एका कोऱ्या कागदावर लिहा: मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी मी माझ्या नवऱ्याच्या डब्यात अमुक घातलं होतं, मासळी घातली नव्हती. खाली सही करा, येत नसेल तर अंगठा उठवा, आणि दिवाळीच्या आत तो कागद माझ्या काकीच्या हातात आणून द्या.